ब्रा फाटत नाही, तिचं इलास्टिक जातं

शेवटची टाकून दिलेली ब्रा आठवा बरं. फाटली होती का ती? बहुतेक नाही. कप धड होते, लेसही बऱ्यापैकी होती, रंग जरासा उतरलेला, पण पाठीमागची पट्टी वर वर चढायला लागली, स्ट्रॅप दिवसातून दहा वेळा खांद्यावरून घसरायला लागले आणि शेवटच्या हुकाला लावूनही ढिली वाटायला लागली म्हणून ती कपाटाच्या कोपऱ्यात गेली आणि मग तिथून कचऱ्यात. पँटीचं पण तेच, कापड चांगलं असतं पण कमरेचं इलास्टिक लुळं पडतं आणि कडेला त्या वेड्यावाकड्या लाटा येतात. म्हणजे आतले कपडे कापडामुळे जात नाहीत, इलास्टिकमुळे जातात. एवढं डोक्यात बसलं ना की धुण्याच्या नियमांची यादी पाठ करावी लागत नाही, कारण जवळपास प्रत्येक नियम फिरून त्या एका धाग्यापाशीच येतो.

त्या धाग्याचं नाव इलास्टेन. लेबलवर कधी स्पॅन्डेक्स लिहितात, कधी लायक्रा, वस्तू तीच, लायक्रा हे फक्त ब्रँडचं नाव. १९५८ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स नावाच्या केमिस्टने हा धागा शोधला. त्याआधी अंग आवळून धरणाऱ्या कपड्यांमध्ये रबर असायचं, जड, आणि घामाने तेलाने लवकर खराब होणारं, त्याला पर्याय हवा होता म्हणून तर हा खटाटोप. लेबल वाचलंत तर इलास्टेनचं प्रमाण अगदी थोडं दिसेल, साध्या कॉटन पँटीत ५ टक्के वगैरे, ब्राच्या पट्टीत त्याहून बरंच जास्त. बाकीचं सगळं नायलॉन, कॉटन किंवा पॉलिस्टर. ते बाकीचं वर्षानुवर्षं टिकतं. ती थोडीशी टक्केवारीच आधी दम सोडते.

आता हा धागा ताणून परत कसा येतो ते बघू. कुरळ्या केसाची एक बट ओढा, सरळ होते, सोडली की टुणकन परत वळते, बरोबर? इलास्टेनच्या आत असंच असतं, लांबच लांब रेणू, त्यांचे काही भाग मऊ आणि वेटोळे घातलेले, आणि मधे मधे कडक भाग, वेणीला जागोजागी रबर लावल्यासारखे, जे या सगळ्या बटा एकमेकींना धरून ठेवतात. ताणलं की वेटोळी उलगडतात, सोडलं की परत गुंडाळली जातात, मूळ लांबीच्या पाचपट ताणूनही धागा परत येऊ शकतो. पण ते मधले रबर सैल झाले की संपलं. जास्त उष्णता मिळाली की ते सैल होतात, आणि क्लोरीनवालं ब्लीच तर रेणूच तोडतं. शिवाय ऊन, घाम, अंगाचं तेल, लोशन, सनस्क्रीन हे सगळे हळूहळू कुरतडत असतातच.

यातून एक गंमत निघते. खूप जणी म्हणतात की ब्रा जितकी कमी धुवू तितकी जास्त टिकेल. तर असं नाहीये. घाम आणि तेल पट्टीत मुरून बसलं की ते रोज त्या धाग्याला खातं, न धुतलेली ब्रा पण म्हातारी होतेच, फक्त आपल्याला दिसत नाही. आणि रोज रगडून धुतली तरी त्या रगडण्याने होते. मधला रस्ता म्हणजे ब्रा साधारण दोन-तीन वेळा घातली की धुवायची, फार घाम आला असेल तर त्याच दिवशी. स्पोर्ट्स ब्रा प्रत्येक वेळी, आणि व्यायाम झाल्यावर ती बॅगेत कोंबून संध्याकाळपर्यंत ठेवू नका, लगेच धुवायला जमत नसेल तर निदान साध्या पाण्यातून काढून निथळत टाका. पँटी रोजच्या रोज, त्यात चर्चा नाही.

अजून एक, जे धुण्याच्या आधीचं आहे पण मला वाटतं सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. एकच आवडती ब्रा सलग चार दिवस घालू नका. ताणलेलं इलास्टिक सोडल्यावर लगेच बरंचसं परत येतं पण उरलेलं सावकाश येतं. रात्री काढली, सकाळी परत चढवली, की ते अर्धवट ताणलेलंच परत ताणलं जातं. तीन ब्रा आलटून पालटून घातल्या तर प्रत्येकीला मधे आराम मिळतो. आणि नवीन ब्रा घेताना ती सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकांना नीट बसणारी घ्या. आतल्या हुकांच्या ओळी पुढे पट्टी सैल होणार आहे म्हणूनच दिलेल्या असतात, पहिल्याच दिवशी आतल्या हुकाला लावावी लागली तर पुढे जायला जागाच उरत नाही. ब्राचा आधार मुख्यतः त्या खालच्या पट्टीतून येतो, स्ट्रॅपमधून नाही, त्यामुळे पट्टी गेली की ब्रा गेली.

हां, आता धुणं. हाताने धुवायचं म्हणजे घासायचं नाही, हे आधी सांगते, कारण आपल्या हाताला बादलीत कपडा दिसला की ब्रश शोधायची सवय असते. टबमध्ये किंवा अर्ध्या बादलीत कोमट पाणी, कोमट म्हणजे हात घातल्यावर गरम वाटता कामा नये, साधारण ३० डिग्री. त्यात लिक्विड डिटर्जंट छोटा चमचाभर, बस. फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त हा समज डोक्यातून काढून टाका, जास्त फेस म्हणजे फक्त जास्त खळबळणं. आधी डिटर्जंट पाण्यात नीट मिसळा आणि मग कपडे घाला, उलटं केलं तर एकाच जागी घट्ट डिटर्जंट बसून डाग पडतो. दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या, मग तळहाताने दाबा, सोडा, दाबा, सोडा, स्पंजमधून पाणी काढतो तसं. काखेच्या बाजूची पट्टी, कपांच्या खालचा भाग आणि स्ट्रॅप, खरा मळ इथेच बसतो, तेवढ्यावर बोटांनी हलकं चोळलं तर चालतं. रात्रभर भिजत घालून विसरून जाऊ नका, गडद रंग सुटतो आणि शेजारच्या पांढऱ्या पँटीला कायमचा लागतो.

मग साध्या पाण्यातून दोनदा काढा. शेवटच्या पाण्यात हात फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर अजून डिटर्जंट आहे. हे आळसाने सोडू नका, कारण हा कपडा दिवसभर घामाने ओलसर अंगाला चिकटून असणार, आणि पट्टीखाली खाज येते तेव्हा आपण ब्राच्या साइझला किंवा कापडाला दोष देतो, प्रत्यक्षात कधीकधी तो राहिलेला साबण असतो. आंघोळ करताना अंगाच्या साबणाने ब्रा धुऊन टाकायची सवय पण बऱ्याच जणींना असते. पाणी जड असेल तर साबण आणि त्या पाण्यातलं कॅल्शियम मिळून चिकट साका तयार होतो आणि तो कापडात अडकून बसतो, पांढरी ब्रा कळकट दिसायला लागते ती यामुळेही. प्रवासात काहीच नसेल तर साबणापेक्षा थोडा शाम्पू बरा.

आता पिळणं. हे मात्र अजिबात नाही. पिळा दिला की तीन गोष्टी एकदम होतात, इलास्टिक नको तितकं ताणलं जातं, कपाखालची वायर वाकते, आणि पॅडेड कपाच्या फोमला अशी घडी पडते की ती नंतर टी-शर्टमधून दिसते आणि जन्मात जात नाही. त्याऐवजी कोरडा टॉवेल पसरा, ब्रा त्यावर सपाट ठेवा, टॉवेल गुंडाळा आणि वरून दाबा. दोन मिनिटांचं काम आहे आणि पाणी आश्चर्य वाटेल इतकं निघतं.

मान्य आहे, रोज कोण एवढं करणार. मी पण करत नाही. मशीनमध्ये टाकायचंच तर बारीक जाळीची झिपवाली पिशवी घ्या, तिला लाँड्री बॅग म्हणतात, आणि टाकायच्या आधी हुक लावून टाका. उघडे हुक म्हणजे बारीक गळ आहेत हो, लेसमध्ये, नेटमध्ये, दुसऱ्याच्या स्वेटरमध्ये, जिथे मिळेल तिथे अडकतात. पिशवी ठासून भरायची नाही, आतल्या कपड्यांना हलायला जागा हवी. प्रोग्राम डेलिकेट किंवा हँडवॉश, पाणी ३० डिग्री किंवा थंड, स्पिन सगळ्यात कमी, आणि जीन्स, टॉवेल, झिपवाले जॅकेट वेगळ्या खेपेला.

पिशवी कशाला, असं मला पण वाटायचं. एकदा घाईत ब्रा तशीच बाकीच्या कपड्यांबरोबर टाकली. आठवडाभराने मशीनमधून घासल्यासारखा खर्र खर्र आवाज यायला लागला, मग पाणीच जाईना. दुरुस्तीवाल्या दादांनी खालचं झाकण उघडलं, हात घातला आणि एक चंद्रकोरीसारखी वाकलेली तार बाहेर काढून माझ्यासमोर धरली, "ताई, ही तुमचीच का?" घरातले सगळे तिथेच उभे. मी काय बोलणार, हो म्हटलं. ती वायर कपाखालच्या कापडी नळीत असते, नळीच्या टोकाची शिवण एकदा झिजली की फिरत्या ड्रममध्ये तार हळूहळू बाहेर येते, मग ड्रमच्या भोकातून खाली, आणि तिथून पंपापर्यंत. ब्राचे दोन-तीन टाके आधीच उसवलेले मला दिसले होते, पण घालू की अजून दोन महिने म्हणून मी दुर्लक्ष केलं होतं. तसं टोक दिसलं तर त्याच दिवशी सुईदोऱ्याने जाड टाके घालून बंद करा, आणि त्यानंतर ती ब्रा मशीनमध्ये नको.

लेबलवरच्या खुणांचं एवढं टेन्शन घेऊ नका, चार-पाचच कामाच्या आहेत. पाण्याचा टब म्हणजे धुणं, आतला आकडा म्हणजे जास्तीत जास्त किती डिग्री, टबखाली एक आडवी रेघ म्हणजे हलका प्रोग्राम, दोन रेघा म्हणजे अगदीच हलका, टबमध्ये हात म्हणजे हाताने. त्रिकोण म्हणजे ब्लीच, त्यावर फुली असेल तर ब्लीच नाही. चौकोनात गोल म्हणजे ड्रायर, आणि ब्रावर त्यावर बहुतेक वेळा फुलीच असते. सॅटिन लिहिलेलं बघून रेशीम समजू नका हं, सॅटिन ही विणण्याची पद्धत आहे, धागा पॉलिस्टरचा पण असू शकतो आणि रेशमाचा पण. दोन्हीची काळजी वेगळी, म्हणून टक्केवारीची ओळ वाचायची.

रेशमाचं का वेगळं? रेशीम हे प्रोटीन आहे. आणि बऱ्याच चांगल्या डिटर्जंटमध्ये प्रोटिएज नावाचं एन्झाइम असतं, त्याचं काम काय तर प्रोटीन तोडणं, रक्त, घाम, दूध यांचे डाग त्यामुळे निघतात. पण त्या एन्झाइमला डाग कुठला आणि कापड कुठलं ते कळत नाही, ते रेशीम पण खातं. म्हणून रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांसाठीचं सौम्य लिक्विड वेगळं मिळतं. नायलॉनच्या लेसला मात्र एन्झाइमवालं डिटर्जंट चालतं, उगाच महागडं आणायची गरज नाही.

सॉफ्टनर मात्र कुठल्याच स्ट्रेचवाल्या कपड्याला घालू नका, कितीही छान वास येऊ दे. सॉफ्टनर कापड मऊ करतो म्हणजे काय करतो, तर धाग्यावर एक पातळ तेलकट थर चढवतो. त्या थरामुळे कापड घाम नीट शोषत नाही. स्पोर्ट्स ब्राचं आणि पाळीच्या पँटीचं तर अख्खं काम शोषण्यावरच चालतं, त्यांना सॉफ्टनर लावणं म्हणजे छत्रीला भोक पाडण्यासारखं आहे. क्लोरीन ब्लीचबद्दल वर सांगितलंच, त्याने पांढरी ब्रा पांढरी तर होत नाहीच, इलास्टेन उलट पिवळं पडतं. पांढरं खूपच मळलं असेल तर ऑक्सिजनवालं ब्लीच वापरा, सोडियम परकार्बोनेटचं असतं ते, कॉटन आणि नायलॉनला चालतं, रेशमाला आणि लोकरीला नाही. आणि पांढरं नायलॉन पांढऱ्यांबरोबरच धुवा, कारण पाण्यात सुटलेला रंग ओढून घ्यायची नायलॉनला वाईट खोड आहे, म्हणून तर महिन्याभरात ती ब्रा राखाडी दिसायला लागते.

डागांबद्दल एक गोष्ट जरा सविस्तर सांगायची आहे, कारण त्यावरून कितीतरी जणी मनातल्या मनात घाबरतात आणि कुणाला विचारत नाहीत. काळ्या किंवा गडद पँटीच्या मधल्या पट्ट्यावर काही महिन्यांनी फिकट, नारिंगी-पिवळसर पट्टा येतो. घासा, भिजवा, काही केलं तरी जात नाही. जाणारच नाही, कारण तो डाग नाहीच, तिथला रंग उडालाय. योनीतला स्राव नैसर्गिकरीत्या आंबट असतो, म्हणजे आम्लधर्मी, पीएच साधारण ३.८ ते ४.५. तिथले लॅक्टोबॅसिलस जातीचे चांगले बॅक्टेरिया लॅक्टिक आम्ल बनवतात आणि त्यामुळे नको ते जंतू वाढत नाहीत. ते आम्ल रोज थोडं थोडं कापडाचा रंग खातं. म्हणजे शरीर आपलं काम नीट करतंय, घाण किंवा आजार नाही. वास बदलला, खाज सुटली, स्रावाचा रंग वेगळा वाटला तर डॉक्टरांना दाखवायचं, पण नुसत्या उडालेल्या रंगाने घाबरायचं कारण नाही. फार वाटत असेल तर फिकट रंग घ्या, किंवा काढल्यावर लगेच साध्या पाण्यातून काढून टाका, उशिराने होईल एवढंच.

रक्ताचा डाग म्हणजे थंड पाणी, कायम थंड. गरम पाण्याने रक्तातलं प्रोटीन घट्ट होतं आणि धाग्यात बसून राहतं. लगेच वाहत्या थंड पाण्याखाली धरा, उलट्या बाजूने, म्हणजे डाग आत न ढकलता बाहेर पडतो. काखेजवळचा पिवळा डाग बऱ्याचदा घाम आणि घाम रोखणाऱ्या अँटीपर्स्पिरंटमधले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार मिळून होतो, तो जुना झाला की हट्टी होतो, त्यामुळे काखेत लावलेलं पूर्ण वाळल्याशिवाय ब्रा घालू नका.

आता कुणीतरी म्हणेलच, एवढं थंड थंड पाणी, मग जंतूंचं काय? प्रश्न बरोबर आहे. ब्रा आणि पँटी यांना एकाच मापाने मोजू नका. कॉटनची पँटी बरंच सहन करते, तिला ४० डिग्रीला नेहमी धुतलं तरी चालतं, आणि इन्फेक्शन झालं असेल त्या काळात लेबल परवानगी देत असेल तर ६० डिग्रीला धुवावी. तिचं इलास्टिक त्यामुळे लवकर जाईल, जाऊ दे, तिथे आरोग्य आधी. म्हणूनच मी रोजच्या पँटी साध्या कॉटनच्या ठेवते आणि लेसच्या कधीतरीच.

वाळवण्याचंही असंच. कॉटनची पँटी उलटी करून उन्हात टाका, खुशाल. ब्रा मात्र सावलीत, पण हवेशीर जागी, कारण कडक ऊन इलास्टेन आणि नायलॉन दोन्हीला मारतं आणि फोमही पिवळा करतं. सावली म्हणजे बाथरूमचा बंद ओला कोपरा नाही किंवा दुसऱ्या कपड्याखाली दडवून ठेवलेली दोरी नाही, तिथे कुबट वास धरणार. दोरीवर स्ट्रॅपला चिमटा लावून लटकवू नका, ओल्या कपांचं सगळं वजन स्ट्रॅपवर येतं आणि ते लांबतात. दोन कपांच्या मधला जो भाग असतो तो दोरीवर टाका, एक कप इकडे एक तिकडे. फोमवाली असेल तर टाकायच्या आधी कप बोटांनी आतून दाबून गोल करा, ज्या आकारात वाळेल त्याच आकारात राहील. ड्रायर, हीटर, केसांचा ड्रायर, इस्त्री यातलं काही नको.

ठेवताना पॅडेड ब्राचा एक कप उलटा करून दुसऱ्यात घालायची आपल्या सगळ्यांना सवय असते, जागा वाचते ना. त्याने तोच कप रोज मुडपला जातो आणि काही दिवसांनी एक बाजू चेपलेली दिसते. एकामागे एक अशा उभ्या रांगेत ठेवा, कपात कप, उलट न करता. बिनपॅडच्या आणि पँट्या कशाही घडी घाला, त्यांना काही होत नाही.

आणि एवढं करूनही एक दिवस ती जाणारच. ओळखायचं कसं, तर सगळ्यात आतल्या हुकाला लावून आरशात बाजूने बघा, मागची पट्टी पुढच्यापेक्षा वर चढलेली दिसली किंवा हात वर केल्यावर कपांसकट सगळं वर आलं, तर तिचं इलास्टिक संपलंय, स्ट्रॅप आवळून काही होणार नाही, उलट खांदे दुखतील. टाकायच्या आधी मी वायर, स्ट्रॅपचे स्लायडर आणि हुकाची पट्टी कापून घेते. वायर धातूच्या भंगारात, बाकीचं शिवणाच्या डब्यात, पुढच्या वेळी कुठल्या चांगल्या ब्राचा हुक तुटला की लागतंच.